बाकी सगळे चांगले

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत आमची भाड्याची खोली होती. एकच खोली, वर टिन. ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. बाबा गोदामात हमाली करायचे. मी अकरावीत असताना एक पेटी त्यांच्या खांद्यावरून सरकली आणि उजवा हात वर जाईनासा झाला. त्यानंतर घर आईच्या जिवावर चाललं. संत्र्याच्या हंगामात ती फळं निवडायला जायची, हंगाम संपला की धुणीभांडी. कॉलेज सोडून एखाद्या दुकानात लागते, असं मी एकदा बोलून पाहिलं. बाबा डाव्या हातानं जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "माह्या हाताचं झालं ते झालं. तू काहून घरी बसतं? जा, शीक."

मी शिकले. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. आईच्या आणि बाबांच्या, दोन्हीकडच्या नात्यात माझ्याआधी कोणी ग्रॅज्युएट नव्हतं. हे मी सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

नोकरी लागली ती वाडीतच, संत्र्याच्या एका पॅकहाऊसमध्ये. पॅकहाऊस म्हणजे जिथं बागेतून आलेली संत्री धुतात, पुसतात, आकाराप्रमाणे वेगळी करतात आणि पेट्यांमध्ये भरून दूर पाठवतात. कंपनीची चार खरेदी सेंटर आहेत: काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. शेतकरी तिथं माल आणतात, तिथून गाड्या भरून वाडीला येतात. माझी पोस्ट डेटा ॲनालिस्टची. कुठल्या सेंटरवरून किती माल आला, कसा आला, हे आकड्यांतून सांगायचं. त्यासाठी मी आर नावाची प्रोग्रामिंगची भाषा वापरते. नाव एका अक्षराचं आहे, पण तिला येत नाही असं फार थोडं आहे.

ही गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षातली. संक्रांत नुकतीच झाली होती. संत्र्याचे वर्षात दोन बहार. दिवाळीच्या आगेमागे अंबिया निघतो, होळीच्या आगेमागे मृग. अंबिया संपत आला होता आणि मृगाची तयारी सुरू होती. अशात एके सकाळी आमचे ऑपरेशन्स हेड वानखेडे सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रणाली, सोमवारी भैयाजी येणार आहेत. एकच स्लाइड पाहिजे. चार सेंटरचे चार दांडे. काटोलचा दांडा लाल कर."

भैयाजी म्हणजे कंपनीचे मालक.

"लाल कशाला, सर?"

"काटोल बंद करतोय आपण. मृग सुरू व्हायच्या आधीच. अख्ख्या अंबियात सगळ्यात जास्त खराब लॉट तिथलेच आहेत. वर त्यांच्या गाड्याही सगळ्यात उशिरा निघतात. स्क्रिप्ट चालव, दिसेल तुला."

"आणि तिथल्या बाया?"

"वाईट मलाही वाटतं. पण आकडा बोलतो ना."

काटोलच्या सेंटरवर वीस-बावीस बाया निवडणीचं काम करायच्या. सुनंदाताई नावाच्या इनचार्ज होत्या. त्यांना मी फोनवर ओळखत होते, पाहिलं नव्हतं. सेंटर बंद म्हणजे त्या सगळ्यांचं काम बंद.

मी जागेवर आले आणि स्क्रिप्ट उघडली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना, एकाखाली एक. ही स्क्रिप्ट वानखेडे सरांनी स्वतः लिहिलेली होती. सर मेकॅनिकल इंजिनिअर. मी यायच्या आधी इथं डेटाचं काम बघायला कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी ऑनलाइन कोर्स करून आर शिकून घेतली होती. त्यांना तिचा अभिमान होता आणि तो असायलाच पाहिजे होता.

स्क्रिप्ट काय करायची ते सांगते. सेंटरवर प्रत्येक गाडीसाठी मोबाईलच्या ॲपमध्ये एक एंट्री होते. लॉट नंबर (एका गाडीचा माल म्हणजे एक लॉट), सेंटर, वजन आणि 'खराब टक्के'. म्हणजे निवडताना शंभर किलोत किती किलो फळ सडकं किंवा फुटकं निघालं. हे सगळं फाईलमध्ये उभ्या रकान्यांत येतं. रकान्याला आम्ही कॉलम म्हणतो. आता मालकांना नुसते टक्के दाखवून उपयोग नाही. त्यांना शब्द पाहिजे: चांगला की खराब. आकड्याच्या जागी अट लावून असा शब्द बसवणं, याला रिकोड करणं म्हणतात. शाळेत मार्कांवरून पास-नापास ठरवतात, तेच.

सरांच्या दोन अटी होत्या. पहिली: खराब टक्के पाचपेक्षा जास्त असतील तर 'खराब' लिही. दुसरी: बाकी सगळे 'चांगले' लिही.

मी स्क्रिप्ट चालवली. काटोलचा दांडा खरंच ताडासारखा वर गेला. बाकीची तीन सेंटर जमिनीला चिकटलेली. मी लाल रंग दिला. पाच मिनिटांचं काम. सरांना फोटो पाठवला, त्यांचा अंगठा आला.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट नसती. पण मला वाटलं, दांड्यांखाली प्रत्येक सेंटरची सरासरी लिहू या, स्लाइड जरा भरल्यासारखी दिसेल. स्क्रिप्टनं टक्क्यांच्या कॉलमवरच शब्द लिहून टाकले होते, आकडे उरलेच नव्हते. म्हणून मी ॲपमधून आलेली मूळ फाईल उघडली आणि सरासरी मागितली.

काटोलची आली. बाकी तिन्ही सेंटरसमोर आरनं दोन अक्षरं लिहिली. एनए.

आरच्या भाषेत एनए म्हणजे इथं काही नाही, रकाना रिकामा आहे. आणि आरचा स्वभाव असा की एक जरी रिकामा असला तरी ती सरासरी सांगत नाही. "मला माहीत नाही" म्हणते आणि मोकळी होते. मला वाटलं, एक-दोन एंट्री सुटल्या असतील. मोजल्या. नरखेडच्या जवळपास सगळ्या रिकाम्या. वरूडच्या तशाच. मोर्शीवाल्यांनी हंगामाच्या सुरुवातीला थोड्या भरल्या होत्या, मग त्यांनीही सोडून दिलं होतं. काटोलची मात्र एकेक एंट्री भरलेली.

मग स्क्रिप्टनं या रिकाम्यांचं काय केलं? हे नीट समजून घ्या, सगळं इथंच आहे. आमच्या पॅकहाऊसमध्ये संत्र्याचा आकार ठरवणारं मशीन आहे. फळं पट्ट्यावरून घरंगळत जातात. पहिल्या फटीत बारीक फळ पडतं, ज्याला चुरी म्हणतात. पुढच्या फटीत मधलं. कशातच न पडलेलं शेवटच्या कॅरेटमध्ये, म्हणून शेवटचं कॅरेट सगळ्यात मोठ्या फळाचं. अटींचंही असंच असतं. प्रत्येक ओळ वरून खाली घरंगळते आणि जी पहिली अट लागू होईल तिथं पडते. रिकाम्या रकान्याला विचारलं, तू पाचपेक्षा जास्त आहेस का? तो म्हणाला, माहीत नाही. 'हो' म्हणाला नाही, म्हणून पहिल्या फटीत पडला नाही. घरंगळत शेवटच्या कॅरेटमध्ये गेला. बाकी सगळे चांगले.

तीन सेंटरनी काहीच लिहिलं नाही म्हणून ती चांगली ठरली होती. काटोलनं लिहिलं म्हणून ते खराब.

मी लगेच सरांकडे गेले नाही. कारण एक गोष्ट माझ्याकडे नव्हती. काटोलचा माल चांगला आहे, हे अजून कुठं कळलं होतं? एवढंच कळलं होतं की बाकीच्यांचं माहीत नाही. काटोल खरंच सगळ्यात खराबही असू शकत होतं. दुसऱ्या दिवशी मी फिल्ड व्हिजिट टाकली आणि काटोलची बस पकडली.

सेंटर म्हणजे बाजाराजवळचं एक पत्र्याचं शेड. मधोमध संत्र्यांचा ढीग, भोवती बाया गोल बसलेल्या. अंबियाचा शेवटचा माल होता. हात इतके भराभर चालत होते की फळ दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. सुनंदाताई वजनकाट्याजवळ उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला.

"तू वं प्रणाली? फोनवर त मोठी बाई वाटे."

"मोठीच आहे, ताई. डबा खाल्ला नाही म्हणून दिसत नाही."

बाया हसल्या. सुनंदाताई हसल्या नाहीत.

"बंद करून राहिले म्हणे आमचं सेंटर. काहून? काय चुकलं, थे त सांगा."

"अजून ठरलं नाही. मला एवढंच सांगा, हे खराब टक्के तुम्ही काढता कसे?"

त्यांनी सांगितलं नाही, दाखवलं. ढिगातलं सडकं, फुटकं, माशीनं डंख मारलेलं फळ बाया मागच्या कॅरेटमध्ये टाकत होत्या. गाडी भरायच्या आधी ती कॅरेटं काट्यावर चढत, वजन ॲपमध्ये जाई आणि सडका माल तिथंच ओतून टाकला जाई. मग उरलेला चांगला माल गाडीत.

"बाकी सेंटरवर असं करत नाहीत?" मी विचारलं.

"तिकडं आला माल का भरला गाडीत. वाडीले पाहून घेतीन म्हणते. मी नाई भरू देत. एक सडकं फळ कॅरेटात गेलं का वाडीपर्यंत चार नासते."

"गाडीवाला थांबतो?"

"बोंबलते ना! रोज बोंबलते. बोंबलू दे. काटा एकच हाय, मी काय करू?"

गाड्यांना उशीर का होतो, तेही कळलं. एकाच काट्यावर आधी शेतकऱ्याचा माल, मग सडका माल, मग गाडीचा.

निघताना त्यांनी माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "खरं असंन थे सांगजो," म्हणाल्या. "आमच्यासाठी खोटं नको सांगू. मंग आम्हाले कोण विचारन?"

वाडीला परत आल्यावर खरं शोधायचं काम सुरू झालं. सेंटरवर निवडो न निवडो, वाडीच्या मशीनवर सडकं फळ निघतंच. आमचे लाइन सुपरवायझर प्रत्येक लॉटमागे किती फळ बाहेर काढलं त्याचं वजन वेगळ्या फाईलमध्ये टाकतात. ती फाईल सेंटरच्या फाईलला कोणी कधी जोडलीच नव्हती, कारण गरज पडली नव्हती. दोन्हीत लॉट नंबर होता. मी तो धरून जोडल्या. आता प्रत्येक गाडीचे दोन आकडे मिळाले: सेंटरवर किती खराब निघालं आणि वाडीत किती. जिथं सेंटरवर निवडलंच नव्हतं, तिथलं सगळं खराब वाडीच्या आकड्यात येत होतं. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या गाडीचं एकूण खराब.

मग अटी नव्यानं लिहिल्या. आता दोनाच्या जागी तीन. सगळ्यात वरची अट: रकाना रिकामा असेल तर 'माहीत नाही' लिही. मग पाचपेक्षा जास्त तर 'खराब'. मग पाच किंवा कमी तर 'चांगला'. 'बाकी सगळे' काढून टाकलं. आणि शब्द नव्या कॉलममध्ये लिहिले, जुने आकडे तसेच ठेवले. म्हणजे कोणालाही दोन्ही शेजारी ठेवून तपासता येईल.

शनिवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅपटॉप समोर ठेवला आणि सांगितलं. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ही स्क्रिप्ट तीन वर्षं चालू आहे, प्रणाली. एकदाही एरर आला नाही."

"एरर आला असता तर बरं झालं असतं, सर."

"म्हणजे माझी स्क्रिप्ट चुकीची?"

वर्षही न झालेली नोकरी, समोर बॉस. पण सुनंदाताई बंद सेंटरच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, ते जास्त अवघड होतं.

"सर, पस्तीसच्या खाली नापास, बाकी सगळे पास. असा नियम केला आणि एक पोरगा पेपरलाच बसला नाही. त्याचा निकाल काय लागेल?"

सरांनी खुर्ची मागे सरकवली. छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या बॅचला असता हा नियम तर माझी बॅकलॉग राहिली नसती."

मी हसायचं की नाही या विचारात असताना ते स्वतःच हसले. मग पुढे वाकून त्यांनी एकेक ओळ वाचली. दोन ठिकाणी मला खोदून विचारलं. जोडताना काही गाड्या सुटल्या होत्या, त्या का सुटल्या ते त्यांनीच शोधलं. लॉट नंबरमागे कोणीतरी स्पेस टाकून ठेवली होती. शेवटी म्हणाले, "सोमवारी तू बोल. मी बसतो बाजूला."

भैयाजी म्हणजे कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांची पाटी लावून धंदा सुरू केलेला माणूस. आता वय झालं, पण आवाज अजून लिलावाचाच. त्यांना स्लाइड आवडत नाहीत. मी चार दांडे दाखवले, प्रत्येक दांडा दोन रंगांचा. एक रंग सेंटरवर काढलेलं खराब फळ, दुसरा वाडीत काढलेलं.

पण रंगांचा अर्थ सांगायच्या आधी, नुसत्या सेंटरच्या एंट्रींवरून काय समजतं ते मी सांगितलं. काटोलचं कळतं, बाकी तिघांचं माहीत नाही. भैयाजींनी तिथंच पकडलं.

"माहीत नाई म्हंजे? माहीत नाई हे सांगाले तुले पगार देतो का मी?"

"हो, भैयाजी. माहीत नसताना 'चांगलं' सांगितलं, तर कापा पगार."

वानखेडे सर खोकले. भैयाजी म्हणाले, "दाखव पुढं."

पुढचं साधं होतं. दोन्ही रंग मिळून सगळ्यात कमी खराब नरखेडचं. त्याच्या मागे अगदी थोड्या फरकानं काटोल. मग मोर्शी, आणि सगळ्यात शेवटी वरूड. काटोल पहिलं नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही नाही. पण काटोलच्या दांड्यात वाडीतल्या खराबाचा रंग जवळपास नव्हताच. सडकं फळ काटोललाच राहत होतं. बाकी तिघांचं सडकं आम्ही डिझेल जाळून वाडीला आणत होतो आणि वाटेत आणखी नासवत होतो.

भैयाजी बोटानं दांडा दाखवत म्हणाले, "वानखेडे, हे काटोल बंद करून राहिले होते तुम्ही?"

सर म्हणाले, "करत होतो. चुकत होतो."

असं दोन शब्दांत म्हणणारा बॉस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"आन् मंग गाड्या लेट काहून येते तिथल्या?"

"काटा एकच आहे, भैयाजी," मी म्हणाले. "दुसरा द्या, वेळेवर येतील."

"घ्या लिहून," भैयाजी सरांना म्हणाले. "काटोलले दुसरा काटा. आन् बाकी तिघांले सांगा, माल निवडल्याबिगर गाडी भरायची नाई. कोणाले येत नसंन त काटोलच्या बाईले घेऊन जा शिकवाले."

केबिनमधून बाहेर येऊन मी सुनंदाताईंना फोन लावला. पलीकडे काट्याचा, कॅरेटांचा आवाज.

"ताई, सेंटर चालू राहणार."

लगेच शेडमध्ये ओरडून सांगितल्याचा आवाज आला, "चालू हाय वं, हात चालवा!" आणि फोन तसाच कमरेला खोचला गेला असावा, कारण बराच वेळ मला नुसता गलका ऐकू येत होता.

मृग सुरू झाला तेव्हा काटोलला दुसरा काटा लागला होता. सुनंदाताई आधी वरूडला आणि मग मोर्शीला जाऊन निवडणी बसवून आल्या. तिथल्या इनचार्जनी पहिले काही दिवस तोंड वाकडं केलं. मग ॲपमध्ये आम्ही एक बदल केला: खराब टक्के भरल्याशिवाय एंट्री पुढं जात नाही. वरूडवाल्यानं मला फोन करून सुनावलं, "मॅडम, तुमच्या ॲपपायी गाडी थांबून राहिली." मी म्हटलं, "दादा, निवडून घ्या, सुटेल." आता तिथंही रकाने भरलेले येतात. आकडे चांगले नाहीत. पण आहेत.

वानखेडे सरांनी जुनी स्क्रिप्ट माझ्या नावावर करून दिली. आता ऑफिसमध्ये कोणीही कॉलम रिकोड केला की आधीचा आणि नंतरचा शेजारी मांडून दाखवावा लागतो, अगदी सरांनाही. हा नियम त्यांनीच काढला.

या सगळ्यातून शिकण्यासारखं फार नाही. 'बाकी सगळे' असं लिहायचं असेल तर बाकी कोण उरले ते एकदा उघडून पाहावं, एवढंच. मी पाहिलं. काटोलचं सेंटर चालू आहे.